कोपरा फाटलेलं पत्र

रिसोडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग वर टाकली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. माझ्या मांडीवर प्लास्टिकचा फोल्डर होता, त्यात बी.कॉम.च्या गुणपत्रिका. "कागदं सांभाळजो," एवढंच ते म्हणाले. गाडी हलली तशी आई मागून ओरडली, "जेवली तरच जेवली म्हणजो वं, उगाच खोटं नको सांगू."

अकरा वर्षं झाली त्याला. खोटं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. एका खोलीत चौघी जणी, मेसची भाजी पाण्यासारखी, आणि फोनवर मी, "मस्त चाललं आहे आई, जेवण तर घरच्यासारखं." तुम्ही जे गावात राहिलात, त्या तुम्हाला आमची ही अशीच खुशाली मिळत आली. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना वेगळं सांगायला नको.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे मी कुठेही छाती ठोकून सांगते. पण ऑफिसच्या लिफ्टमध्ये आईचा फोन आला तर 'मले' म्हणताना माझा आवाज बारीक होतो, हेही खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

यंदा दिवाळीनंतर गेले ती आई-बाबांना कायमचं पुण्याला आणायला. बाबांचे गुडघे गेले, भाऊ मला नाही. घर विकायचं ठरलं होतं, सामानाचा टेम्पो सोमवारी येणार होता. शनिवारी मी गोठा झाडायला घेतला. गुरं कधीच गेली, गोठ्यात नुसती अडगळ. आढ्याच्या लाकडाला तारेनं बांधलेला एक टिनाचा डबा होता. मी तो सोडवून घरात निघाले तर बाबा ओट्यावरून ओरडले, "तो आत नको आणू!"

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी मयतीची बातमी आणणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असायचा. वाचता न येणाऱ्यालाही नुसतं पाहून कळायचं. ते पत्र उंबऱ्याच्या आत नेत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकत. महायुद्ध चालू होतं तेव्हा असं एक पत्र आमच्या घरी आलं होतं. पत्र नामदेवआजोबांबद्दल होतं. ते माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. घरी न सांगता ते पलटणीत भरती झाले, तेव्हा त्यांची बायको पोटुशी होती. पणजोबांनी कोपरा पाहिला आणि अंगणातच बसले. वाचायला मास्तर शेजारच्या गावात. त्याच्याकडे कोण जाणार, आणि वाचायचं काय राहिलं होतं? त्याच दिवशी त्या बाईच्या बांगड्या फोडल्या. सरकारी कागद काही आला नव्हता, पण त्याची वाट पाहायची असते हे ठाऊक कोणाला? पत्र फाडायला पणजोबांचा हात धजला नाही, लेकाचं होतं ना. डब्यात घालून गोठ्यात टांगलं.

"मागून अजून चार पत्रं आली म्हणे," बाबा म्हणाले. "टपाल उशिरा येत होतं. आधीची असतील, आता पोचली, असं समजले सारे. मेलेल्याची पत्रं कोन फोडते? डब्यात टाकली."

वर्षभरात त्या बाईचा कामरगावला पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न. नुकती जन्मलेली लेक आमच्याच घरी राहिली. ती कौतिकाआत्या. आता ऐंशीच्या पुढे आहे, आसेगावला लेकाकडे असते. लहानपणी तिच्या कानांवर एकच गोष्ट पडली. बाप गेला तो गेला, जिवंत होता तोवर लेकराबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. शेजारपाजारच्या बाया भांडणात तेच तोंडावर मारायच्या, "तुह्या बापानंच तुले इचारलं नाही, आमाले काय सांगतं!"

मी ओट्याच्या पायरीवर बसून पाचही पत्रं पाहिली. चार चिकटवलेली, तशीच. बाबा म्हणाले, "राहू दे." मी म्हणाले, "मला वाचता येतं बाबा. एवढ्यासाठीच तर शिकवलंत."

पहिलं, कोपरा गेलेलं. बाळबोध अक्षर, पलटणीतल्या कुणा सोबत्यानं लिहिलेलं. "तीर्थरूप बाबांस बालके नामदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. ब्रह्मदेशात पायास गोळी लागली. कलकत्त्याच्या दवाखान्यात आहे. जीव वाचला, काळजी नसावी." कोपरा कोणी फाडला नव्हता. घड्यांवर झिजून तो गळून पडला होता, तारखेसकट.

दुसऱ्यात, पाय सुधारतो आहे. तिसऱ्यात, काठीनं चालतो, मागच्या दोन पत्रांचं उत्तर नाही. म्हणजे ही आधीची नव्हतीच. माणूस जिवंत होता आणि आम्ही त्याला लिहायचं थांबवलं होतं. मी उठले, अंगणात चार फेऱ्या मारल्या, परत बसले. राग कुणावर काढायचा? वाचता येत नव्हतं हा काही गुन्हा नाही. पण राग होताच, अजूनही आहे.

चौथ्यात एक ओळ होती. पाचव्यात तेच पुन्हा विचारलं होतं, आणि खाली आणखी एक ओळ होती. त्यानंतर पत्र नाही.

रविवारी जीप धरून आसेगावला गेले. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून म्हणाली, "आली का व पुण्याची मॅडम? अन् एकटीच? जवाई कधी दाखवतं, मी मेल्यावर?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. "वाच."

मी वाचत गेले. चौथ्या पत्राशी आले. "'मुलगा झाला की मुलगी, एवढे तरी कळवावे.'"

"फिरून वाच."

फिरून वाचलं. तिनं पदरानं नाक पुसलं. मी पाचवं उघडलं. शेवटची ओळ न वाचताच घडी घालायचा माझा विचार होता. या वयात तिला हे कशाला ऐकवायचं? फोनवर आईला मी हेच करत आले होते, चांगलं तेवढं सांगायचं.

"काहून थांबली? अजून लिवलेलं दिसून राह्यलं तिथं."

"काही नाही आत्या, नमस्कार आहे."

"मले वाचता नाही येत, दिसते तं! एवढे वर्स मले लोकायनं त्यायच्या मनाचं सांगतलं. तू नको सांगू. हाये तसं वाच."

मी वाचलं. "'मुलगा झाला की मुलगी, ते अद्याप कळले नाही. न सांगता आलो म्हणून आपला राग असेल तर मी येत नाही. आपण बोलावले तर येतो.'"

बराच वेळ ती सोललेल्या दाण्यांत बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मायले मी जलमभर बोल लावला, नवऱ्याचं दुख सरलं नाही तं दुसरं घर केलं म्हून. तिले तरी काय ठाऊक होतं व?" थोड्या वेळानं, "मंग हा गेला कोठं? कलकत्त्यातच राह्यला का?"

"माहीत नाही आत्या."

"एवढी शिकली अन् माहीत नाही?"

तिला हसू आलं, मला आलं नाही.

"घे कागद," ती म्हणाली. "लिव. पोरगी झाली. नाव कौतिका. तीन लेकरं हायेत, सहा नातू. तुमच्यावर कोनाचा राग नव्हता. पत्र कोनं वाचलंच नाही, म्हून बोलावलं नाही." मी लिहीत होते. "अन् पत्ता गावच्या घरचा टाक. आसेगाव त्याले काय ठाऊक?"

तिच्या वडिलांचं वय आता किती झालं असतं हे तिलाही कळत होतं. मी पत्ता टाकला.

ते पत्र मी अर्जासोबत सैन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला पाठवलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना हात अडला. पुण्याच्या फ्लॅटचा पिनकोड झोपेतही सांगेन, गावचा बाबांना विचारावा लागला. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. एकेक आकडा त्यांनी सावकाश सांगितला.

उत्तर अजून नाही. कधी वाटतं, कलकत्त्यात कुठेतरी आमचे चुलत असतील, त्यांना कुणीतरी सांगितलं असेल की तुमच्या बाबांच्या गावानं त्यांना टाकलं. हे मनातून जात नाही. घर म्हणजे काय, असं आज कुणी विचारलं तर मला जन्मगाव, माती वगैरे बोलता येणार नाही. एका माणसानं पाच वेळा जिथं पत्र लिहिलं आणि जिथून उत्तर गेलं नाही, ती जागा आहे ती. तिथं आता दाराला कुलूप आहे, किल्ली शेजारच्या काकूंकडे.

घर घेणाऱ्याचा मागच्या आठवड्यात फोन आला. मी नाही म्हणाले. त्यानं कारण विचारलं. मी ऑफिसमध्ये होते, आजूबाजूला सगळे होते.

"आमचं टपाल यायचं हाये तिथं," मी म्हणाले.