तळ्याकाठची जागा

केळशीकर, सौमित्र. पुरुष, वय सेहेचाळीस. मूळ गाव पुणे; मुक्काम सिंगापूर, बिशान वस्ती, अकरावा मजला. व्यवसाय: बँकेच्या सॉफ्टवेअरमधले धोके आगाऊ ओळखणे. कामाचा पास वैध, विमा भरलेला. वर्तन: रस्ता रिकामा असला तरी सिग्नल हिरवा झाल्याशिवाय ओलांडत नाही. जोखीम: नगण्य.

अशा माणसाला हिमालयातल्या बुग्यालवर, म्हणजे झाडं संपतात त्याच्याही वरच्या कुरणावर, एकट्यानं तंबू ठोकायची हुक्की आली. सिंगापुरात डोंगर म्हणावा असं काही नाही. म्हणून तो सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून राहत्या इमारतीचे जिने चढायचा आणि लिफ्टनं खाली यायचा.

"निदान गाइड तरी घे," त्याची बायको विनीता म्हणाली.

"गाइड घेतला तर एकटं कसलं? अगं, धोके ओळखायचाच पगार घेतो मी."

"तो एसीत बसून घेतोस."

निघण्याआधीच्या रविवारी दोघं लेकीला, अवनीला, घेऊन हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेले. गर्दी मरणाची. सौमित्रनं कोपऱ्यातलं टेबल हेरलं, त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, खुर्चीत लॅपटॉपची बॅग टाकली आणि दोघींना घेऊन खुशाल रांगेत जाऊन उभा राहिला. इथला रिवाजच तो. पाकीट ठेवलं की जागा तुमची. भोवती भुकेली माणसं ट्रे घेऊन घिरट्या घालतील, पण बसणार कोणी नाही.

"पुण्यात ठेवून दाखव अशी बॅग," विनीता म्हणाली.

"म्हणून तर इथं राहतो."

"बाबा, तिकडे टिश्यू ठेवू नकोस हं," अवनी म्हणाली आणि तिथल्या खास इंग्रजीत पुढे जोडलं, "द शीप विल ईट इट, लाह."

तिघंही हसले. हसता हसता विनीताची नजर त्या खुर्चीवर गेली: बॅग होती, माणूस नव्हता.

शेवटच्या गावातून त्याचा मेसेज आला: उद्या वर जातो, रेंज नसेल, शुक्रवारी फोन करतो. शुक्रवार गेला. शनिवारी विनीतानं कणीक भिजवली आणि ती तशीच राहिली. फोन आला तो रविवारी, त्या गावात सौमित्र ज्यांच्या घरी उतरला होता त्या गृहस्थांचा.

"मॅडमजी, ऊपर ताल के किनारे साब का सामान मिल गया."

"और साब?"

"ढूँढ रहे हैं. उस दिन कोहरा बहुत था." गृहस्थ घुटमळले. "तंबू, जॅकेट, फोन, सब सॅक में ही है. ठंड में कोई ऐसे छोड़ के जाता है क्या? और बगल में पत्थर के नीचे काग़ज़ के रूमाल का पैकेट रखा था. वो किसलिए?"

विनीताला सगळं दिसलं. तळ्याकाठची सपाट, कोरडी, सगळ्यात छान जागा. कोणी आधी तंबू ठोकला तर? म्हणून सामान ठेवून हा जरा वरच्या डोंगरधारेवरून पलीकडे काय दिसतं ते बघायला गेला. आत्ता येतो, असं मनाशी म्हणून. आणि मग धुकं उतरलं.

"मॅडमजी? वहाँ और कोई था क्या उनके साथ?"

"नहीं," ती म्हणाली. "कोई नहीं था."

शोधायला गेलेली माणसं धारेपलीकडे उतरली. तळ्याकाठची जागा कोणी घेतली नव्हती.