तुळशीच्या लग्नापर्यंतचं वजन

दिवाळीत अंगाला चढलेलं शिमग्यापर्यंत उतरत नाही, असं आमच्या पागेत म्हणत. माझी भाकरीच त्यावर होती, त्यामुळं मला ते पक्कं ठाऊक होतं.

मी महाराजांच्या पागेत चाबुकस्वार होतो. कोवळ्या शिंगरांना पहिल्यांदा पाठीवर माणूस घ्यायला शिकवायचं, हे माझं काम. शाळा दोन बुकांची, पण शिंगराचे कान बघून त्याच्या मनातलं ओळखायचो. या कामाला अट एकच, माणूस हलका पाहिजे. जड माणूस बसला तर कोवळ्या पाठीला बाक येतो आणि घोडं जन्माचं वाया जातं. घोड्यांचा हरभरा जोखायची मोठी तागडी पागेत होती. तिच्यातच आम्हालाही बसवायचे. एका पारड्यात आम्ही, दुसऱ्यात चुन्याची खूण केलेले दोन धोंडे. वर्षातनं दोनदा, दसऱ्याला आणि तुळशीचं लग्न झाल्यावर. धोंडे वर गेले की तुमची रवानगी गवताच्या गंजीवर.

दसरा ते तुळशीचं लग्न, खाण्याचे सगळे दिवस त्यातच येतात. दसऱ्याच्या रात्रीचं मटण, कोजागिरीचं दूध, मग दिवाळी, आणि दिवाळीत सासुरवाडी कुरुंदवाडची. तिथं नको म्हणणाऱ्याला आजारी समजतात.

यावर तोड माझ्या बायकोनं काढली. लग्नानंतरचा पहिलाच दसरा. पागेत मी धोंड्यांना बरोबर उतरलो होतो आणि खुशीत घरी आलो. तिनं घरामागच्या परड्यातल्या लिंबाला एक जाड वेळू मधोमध टांगला, दोन्ही टोकांना चऱ्हाटानं एकेक पाट बांधला आणि म्हणाली, "बसा." एका पाटावर मी, दुसऱ्यावर ती. वेळू हलला, थोडा डुलला आणि सरळ राहिला. आम्ही दोघं जमिनीपासून वीतभर वर.

"बगा, मी तुमचा धोंडा," ती म्हणाली. "आता दर सोमवारी बसायचं. तुमी खाली गेलासा की भाकरी निम्मी."

"आणि तू खाली गेलीस तर?"

"धोंडा कुटं खातोय व्हय?"

तिनं ते खरं करून दाखवलं. दिवाळीला ती सगळ्या गल्लीचे घाणे तळून द्यायची, हात तुपानं माखलेले, आणि तळताना तोंडात काही टाकायची नाही. मला एक करंजी मिळायची, तीही अर्धी. उरलेली अर्धी ती खायची, म्हणजे दोन्ही पाट सारखे. पहाटे घोंगडं पांघरून मला रंकाळ्याला फेरी मारायला लावायची. घाम काढून आलो की गरम पाणी तयार. चार वर्षं पागेत माझा धोंडा वर गेला नाही.

पाचव्या वर्षी पागेत एक पंचकल्याणी शिंगरू होतं, चारी पाय आणि तोंड पांढरं. जन्मलं तेव्हा त्याला माझ्याच घोंगड्यानं पुसलं होतं. पागेच्या जमादारांनी शब्द दिला होता, तुळशीच्या लग्नानंतर याच्यावर पहिला तूच बसायचा. मला दुसरं काही सुचत नव्हतं. रोज त्याच्या पाठीवर रिकामी पोती टाकून सवय लावत होतो.

त्या साली दिवाळीचे घाणे सुरू झाल्यापासनंच नवल झालं. मी चुकून एक अख्खी करंजी खाल्ली, सोमवारी भीत भीत पाटावर बसलो, तर वेळू सरळ. पुढच्या सोमवारी आधी दोन लाडू खाल्ले होते. वेळू सरळच. मग माझी भीड चेपली. भाऊबीजेला कुरुंदवाडात दोनदा वाढून घेतलं. सासू खुश झाली. परत येऊन बसलो, वेळू सरळ. मी म्हणालो, "अगं, माझ्या हाडालाच आता लागत न्हाय." ती हसली नाही.

तुळशीचं लग्न झालं. पागेत मी तागडीत बसलो आणि धोंडे वर गेले. नुसते वर नाही, डोक्यावर गेले. घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार हसायला लागले. जमादार मुसलमान, तोंडाचे मिस्किल. ते म्हणाले, "काय पावणं, सासुरवाडीला गेलतासा, का सासुरवाडीच खाऊन आलासा?"

मी म्हणालो, "तागडीत कायतर गफलत हाय."

"तागडी घोड्याची हाय. घोडं खोटं बोलत न्हाय, बाबा." मग जरा हळू म्हणाले, "औंदा ऱ्हाऊ दे. पुढल्या साली बगू."

पंचकल्याणीवर दुसरा बसला. मी गंजीवर उभा राहून बघितलं. शिंगरानं दोनदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं, असं मला वाटलं. नसेलही.

घरी येऊन मी आधी वेळूला हिसका दिला. "तुझी तागडी खोटी हाय," म्हणालो.

ती चुलीपुढं होती. उठली नाही. "वेळू खरा हाय. मी जड झालीया."

"म्हंजी?"

"चौथा लागलाय."

"आदी बोलायला काय झालं हुतं?"

"पाचव्याच्या आदी कुणाला सांगायचं नस्तं. आई म्हणाली, नवऱ्यालाबी न्हाय." मग म्हणाली, "वेळू सरळ ऱ्हायला की मला वाटायचं, तुमी हायसा तेवढंच हायसा. मी किती वाढले त्ये मला कुटं कळतंय."

कुठलाही माणूस यावर हसला असता. मी म्हणालो, "तुझ्या एका पोटापायी माझं शिंगरू गेलं."

तिनं भाकरी उलटली, बस.

माघात दिवस भरायच्या आतच मूल झालं. मुलगा. एक दिवस जगला. बोलण्यानं पोरं जात नसतात, एवढं मला कळतं. सुईणपण म्हणाली, अशी कितीतरी जातात. पण ते बोलणं माझं होतं आणि त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. ही दोन्ही एकाच घरात राहिली.

ती पुन्हा पाटावर बसली नाही. पुढच्या दसऱ्याला पंचगंगेवरनं एक धोंडा बैलगाडीत घालून आणवला, माझ्या वजनाला छिन्नीनं ठोकून बरोबर केला आणि तिच्या पाटावर ठेवला. "ह्यो कवा जड हुयाचा न्हाय," म्हणाली. त्या धोंड्यावर मी पुढं सगळी वर्षं काढली. शिंगरं मिळाली, नाव झालं. करंजी तशीच अर्धी अर्धी. माझं चुकलं, हे तोंडावर येऊन परत जायचं. दिवाळी आली की म्हणायचो, तुळशीच्या लग्नानंतर बोलू.

ती श्रावणात गेली. तापानं इतकी वाळली होती की चौघांनी उचलली याचं मला नवल वाटलं. तिचं वजन माझ्याइतकं कुणाला माहीत? मला विचारलं असतं तर मी एकटा घेऊन गेलो असतो.

दुःखाच्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, शेजारीपाजारी फराळ आणून देतात. यंदा माझ्याकडं सात ताटं झाली. आयुष्यात एवढा फराळ घरात नव्हता. शेजारची लेकुरवाळी ताट ठेवताना म्हणाली, "खावा की मामा पोटभर. आता कोण जोखतंय तुमास्नी."

वाईट मनानं म्हणाली नाही. पण लेकुरवाळी गेल्यावर मी परड्यात गेलो. वेळू अजून तिथंच टांगलेला आहे, चऱ्हाटं तेवढी बदलली. मी माझा पाट खाली ओढला आणि बसलो. धोंड्यानं मला उचललं. पाय लोंबकळायला लागले. सगळी उमर ज्यासाठी दोघांनी तोंड बांधलं, तेवढा हलका झालो होतो मी, त्याहूनही हलका. आता बसायला शिंगरू नाही.

वर बसूनच धोंड्याला म्हणालो, "शिंगरू गेलं त्ये गेलं. म्या बोलाय नको हुतं." मोठ्यानं म्हणालो. एवढी वर्षं ते एवढंच होतं.

मग उतरलो आणि घरात आलो.

दुसऱ्या दिवशी लेकुरवाळी ताटं न्यायला आली. लाडू तसेच, कडबोळी तशीच. तिनं एक ताट उचलून बघितलं. "मामा, एकच करंजी मोडलासा? आणि ही अर्धी कुणासाठी ठिवली?"

"मुंग्यास्नी," मी म्हणालो.