आडव्या कामाचा माणूस

“पापड काय मना डोकावर वाळत घालू?”

पार्टिशनच्या पलीकडून सरुबाईचा आवाज आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. हात थांबले. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये असं आई सांगायची, पण आईच्या घराच्या भिंती मातीच्या जाड होत्या. आमच्या सिल्वासाच्या चाळीत प्लायवूड.

“सगळी चाळना पापड वर पत्र्यावर, अन् मनाच खाटवर! कोंबड्या टोची राह्यन्यात. शिडी चढाले काय व्हस तुम्हले?”

“मले नही जमाव.”

“नही जमाव म्हणजे? गडीमाणूस शेतस का बाहुली?”

मग नवऱ्याचा खालचा आवाज, “सरू, आडवं काम सांग, कितलंबी करसू. उभं काम सांगू नको.”

आम्ही कोकणातले. आमचे हे इथल्या शाळेत शिपाई लागले म्हणून आलो. हे जोडपं धुळ्याकडचं, भगवंतभाऊ जवळच्या सायली गावात सुताच्या कंपनीत. त्यांची बोली मला तेव्हा अर्धीच कळायची, पण भांडण समजायला पुरी भाषा लागत नाही. मी म्हटलं, नवरा आळशी दिसतो. गोड बोलून काम टाळणारा.

त्याच दुपारी मागच्या बाजूला राख टाकायला गेले, तर हा माणूस शिडीवर. फार वर नाही हो, माझ्या कमरेइतका. एका हातात पापडाची ताटली, दुसरा हात शिडीला आवळलेला, डोळे गच्च मिटलेले. शर्ट पाठीला चिकटला होता आणि शिडी अशी थरथरत होती की वर पत्रा वाजत होता. मी राखेचं घमेलं ठेवलं, त्यांचा पाय धरला आणि एकेक करून खालच्या दांडीवर टेकवला. लहान पोराला उतरवतात तसं. जमिनीवर आले आणि मटकन बसले. पापड एकही पडू दिला नव्हता.

“वहिनी, कोनाले सांगू नका,” म्हणाले.

मी सांगितलं नाही. पण सरुबाई दारात उभी होती, तिने बघितलं. त्या दिवसापासून त्या विषयावर तिचं तोंड उघडलं नाही, आणि सरुबाईचं तोंड न उघडणं म्हणजे काय हे चाळीला माहीत होतं. पुढे दर उन्हाळ्यात ती स्वतः पदर खोचून शिडी चढायची, भाऊ खाली उभे राहून ताटल्या वर द्यायचे. हात वर, नजर जमिनीवर. ताटली तिच्या हातात गेली की म्हणायचे, “संभाळीसन.”

आता लोक विचारतात, लहानपणी पडले होते का कुठून? नाही. कधी पडले नाहीत, कोणी ढकललं नाही. गावाकडे त्यांची घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावर झोपायचं आणि हे एकटे खाली ढोरांपाशी. बाप म्हणायचा, हा बैलाच्या पोटी यायचा तो चुकून आमच्याकडे आला. वणीच्या गडावर देवीला गेले तरी पहिल्या पायरीला नारळ फोडून तिथेच बसायचे. सरुबाई वर जाऊन दर्शन घेऊन येईपर्यंत चपला सांभाळायचे. नदीपलीकडच्या अथाल गावाला कोणाच्या लग्नाला निघालो तर दमणगंगेच्या पुलावर रस्त्याच्या मधोमध चालायचे. मागे टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. कंपनीत वरच्या मजल्यावर मोठं काम मिळत होतं, ते सोडून खाली पॅकिंगला राहिले. सुपरवायझर हिंदीत हसायचा. हे पण हसायचे त्याच्याबरोबर. काय करणार.

मला वाटायचं, बिचारं एवढंच एक भय, त्याला वळसा घालून जगता येतं. माणूस आयुष्यभर जमिनीवर राहिला म्हणून काय बिघडलं?

मग त्यांच्या वाल्मिकने फ्लॅट घेतला. चाळीच्या समोरच, रस्त्यापलीकडे. चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही.

वाल्मिक वाईट पोरगा नाही. खालचे फ्लॅट दुकानवाल्यांनी आधीच उचललेले होते. त्याला वाटलं, बाबा येतील हळूहळू, सवय होईल. वास्तुशांतीच्या दिवशी भाऊ नवीन सदरा घालून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेले. पायरीवर नारळ फोडला, वाकून नमस्कार केला आणि तिथेच खुर्ची मागवून बसले. जेवण खाली आलं. चाळीतली खोली त्यांनी सोडली नाही.

सरुबाई सुरुवातीला दिवसा वर आणि संध्याकाळी खाली. वर नात झाली होती, गुड्डी, आणि सून अमृता ड्युटीला जायची. पोरीला कोण बघणार? मग सरुबाईचे गुडघे गेले. चार मजले दिवसातून एकदा, मग दोन दिवसांतून एकदा, मग सणाला. असं कोणी ठरवून नवरा-बायको वेगळे होत नाहीत हो. पायऱ्या करतात.

पण भाऊंची फेरी चुकली नाही. सकाळी बाजारातून भाजी, दूध घेऊन ते इमारतीखाली उभे राहायचे. सरुबाई गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायची. भाऊ भाजी ठेवायचे, दोरीला एक हिसका द्यायचे आणि पिशवीला म्हणायचे, “संभाळीसन जाजो.” वर नाही बघायचे. खालून नुसतं वर बघितलं तरी त्यांना गरगरायचं. ती वरून ओरडायची, “अहो, तोंड तरी दाखवा!” हे टोपी काढून मान खाली घालूनच हात हलवायचे. मी माझ्या दारातून बघायचे. एकदा म्हटलं, “भाऊ, तिला तुमचं टक्कलच दिसतं रोज.”

म्हणाले, “तेच तर मन्हं खरं तोंड शे, वहिनी.”

गेल्या थंडीच्या आधीच्या थंडीत सरुबाई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. दवाखान्यात तळमजल्याचा वॉर्ड होता, भाऊ तिच्या खाटेशी दिवसभर बसायचे. दोघं इतकी बडबडायची की नर्सने दटावलं. पण सुट्टी झाल्यावर तिला वरच न्यावं लागलं. चाळीचा संडास लांब, उकिडवं बसायचं, वर कमोड. चौघांनी खुर्चीत बसवून उचलली. भाऊ पहिल्या पायरीपाशी उभे. खुर्ची वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी बघितलं. त्यांच्या मानाने तेही फार वर बघणं होतं.

ठरलं असं की आखाजीला तिला खाली आणायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशी बायकांना दिवाळीपेक्षा मोठी. तोवर काठी धरून उभी राहील, डॉक्टर म्हणाले होते. भाऊंनी खोलीला चुना लावला. खाटेला नवी पट्टी विणून घेतली. मला रोज विचारायचे, “वहिनी, आखाजीले कितला दिस राह्यनात?” मी म्हणायचे, मी काय पंचांग आहे?

पण होळीनंतर तिच्या छातीत कफ भरला. अंथरुणातून उठेना. तोवर ती गॅलरीत खुर्चीत बसून सोडायची ती दोरी आता अमृता सोडायला लागली. डॉक्टर वर येऊन गेले आणि वाल्मिकला बाजूला घेऊन बोलले.

वाल्मिक खाली आला. “बाबा, आईला बघून घ्या.”

भाऊ म्हणाले, “डोळा बांधा मना. खुर्चीवर ल्या.”

वाल्मिक आणि त्याचा मित्र प्रथमेश यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर गमछा बांधला. मी मागून निघाले. पहिला मजला गेला. भाऊ ओठांत देवीचं नाव घेत होते. दुसऱ्या वळणावर खुर्ची जरा तिरकी झाली, आणि त्या माणसाच्या तोंडून असा आवाज निघाला की दारं उघडली. त्यांनी कठडा पकडला तो सुटेना. बोटं एकेक करून मला सोडवावी लागली. कधीकाळी पाय धरला होता, आता बोटं. खाली आणलं तेव्हा कपडे ओले झाले होते. मी गमछा त्यांच्या मांडीवर टाकला.

वाल्मिक रडत म्हणाला, “मग आईलाच आणतो खाली.”

“दम लागी राह्यना ना तिले? हलवू नको.” भाऊंचे दात वाजत होते. “मन्हासाठी तिले दुखवू नको.”

मग मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही जा. मनी गत बघी या.” मनी गत म्हणजे माझ्या वतीने. माझे गुडघे तरी कुठे धड, पण गेले.

सरुबाईने वरून ती आरोळी ऐकली होती. श्वास पुरत नव्हता, तरी हसली. “तेसले परत चढवू नका. जलमभर मीच वर, ते खाले उभे. आते काय नवं शे?” मग थांबून म्हणाली, “सांगा, मी वर शे. खाले कोंबड्या हाकला म्हना.”

मी खाली येऊन तसंच सांगितलं. भाऊ खूप वेळ मान डोलवत बसले.

आखाजीच्या आधीच ती गेली. खाली आणली ती चौघांच्या खांद्यावर. भाऊ पहिल्या पायरीवर बसले होते. समोर ठेवली तेव्हा त्यांनी तिचं तोंड बघितलं, दोन्ही हातांत धरून, लोकांनी उठवेपर्यंत. केसांतून बोट फिरवून म्हणाले, “लई पिकनी.” दवाखान्यातून वर नेल्यापासून दोरीच्या टोकाला होती, तेवढ्यात केस एवढे पांढरे झाले ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतरही ते रोज पिशवी भरायला जातच राहिले. वाल्मिक म्हणाला, बाबा, भाजी मी आणतो. म्हणाले, तू तुझं काम कर.

यंदाच्या आखाजीला सरुबाईच्या नावाची पहिली घागर होती. मेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, आंबा, सांजोरी. घागर वर फ्लॅटमध्ये मांडलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भगवंतभाऊ आपल्या खोलीत, नव्या पट्टीच्या खाटेवर झोपेतच गेले. परवा दहावं झालं.

पण आखाजीच्या सकाळी मी दारात बसले होते आणि ते रस्ता ओलांडताना दिसले. धुतलेला सदरा, काखेत खरबूज, हातात आंबे. खरबूज तीन दुकानं हिंडून, वास घेऊन आणलं असणार. सरुबाईला बेचव खरबूज दिलेलं चालायचं नाही. अमृताने पिशवी सोडली. त्यांनी आधी खरबूज ठेवलं, मग त्याच्या बाजूने आंबे, दबू नयेत असे. टोपी काढली. मान खाली घालून हात हलवला. दोरीला एक हिसका दिला.

“संभाळीसन जाजो,” म्हणाले, आणि पिशवी हलकेच फिरत वर गेली.