बावखल कुणी बुजवलं

सामानाचा टेम्पो सुरू झाला तेव्हा माझा थोरला भाऊ, दादा, वाडीतून आला आणि त्याने मागच्या फळीवर केळीचा एक लोंगर ठेवला. बारीक फण्या, पिवळट दांडा. पूर्वी आमच्या वाडीत असला लोंगर गुरांपुढे टाकला असता. त्या वर्षी तोच सगळ्यांत चांगला होता. "पिकायला घाल," एवढंच तो म्हणाला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चल." बायको मागे वळून हात हलवत राहिली. मी वळलो नाही. सांडोरच्या बाहेर पडल्यावर मी टेम्पो थांबवला आणि लोंगर रस्त्याकडेला ठेवून दिला. बायकोने विचारलं, का? म्हणालो, कपड्यांना डाग पडतील.

हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय. जे सांडोरला राहिले त्यांच्यासाठी, आणि जे बाहेर पडून ठाण्याला, पुण्याला, कॅनडाला गेले त्यांच्यासाठीही. आपल्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी जुन्या विहिरीचा फोटो टाकतं. खाली रडके चेहरे येतात आणि 'गेले ते दिवस' असं लिहिलं जातं. ते दिवस गेले नाहीत, घालवले गेले. मी घालवले. आणि ज्या माणसाच्या नावावर तुम्ही ते मांडून ठेवलंत त्याचा त्यात काडीचा हात नव्हता. गोड आठवणी वाचायच्या असतील तर इथेच थांबा.

मी काही सातासमुद्रापार गेलो नाही. सांडोरहून विरारला, पूर्वेच्या चंदनसारला गेलो. रिक्षा आणि बस धरून दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढं अंतर. तरी ते ओलांडायला मला पस्तीसेक वर्षं लागली.

ज्यांनी वाडी कधी पाहिली नाही त्या नातवंडांसाठी सांगतो. आमची विहीर दादाची आणि माझी सामाईक होती. तिच्या शेजारी बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतला लहानसा तलाव. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि वर्षभर जमिनीत झिरपत विहिरीला मिळायचं. जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी टपलेलं असतं. वरून गोड्या पाण्याचा भार असला की ते खालीच राहतं. आमच्या बाबांना यातलं शास्त्र किती ठाऊक होतं कोण जाणे, पण त्यांचा एक दंडक होता: "बावखलाला हात लावायचा नाही." आणि पाण्याचा त्यांना भारी तोरा. मुंबईचे पाहुणे वाटेसाठी पाण्याची बाटली घेऊन आले की म्हणायचे, "सांडोरला येताना पाणी आणलंत? आमची विहीर काय मेली होती?"

मी घराण्यातला पहिला इंजिनियर, म्हणजे डिप्लोमावाला. पण गावात 'इंजिनियर' म्हणत आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. पाण्यात बुडवायचा पंप तेव्हा नवा होता. दिसत नाही, आवाज नाही, बटण दाबलं की जमिनीच्या पोटातून पाणी वर. मी त्या यंत्राच्या प्रेमात पडलो होतो. वडीलधारे विचारायचे, एवढं पाणी उपसलं तर विहिरीचं काय होईल? मी त्यांना अडाणी ठरवायचो. वसईच्या आसपास तेव्हा इमारती उठायला लागल्या होत्या आणि बांधकामाला पाणी हवं होतं. जूचंद्रचा एक टँकरवाला माझ्याकडे यायचा. त्याचं एकच म्हणणं, "इंजिनेर, पानी गोड हाय तवर काडून घ्या. पन गाडी विहिरीपावत आली पायजे." गाडीच्या वाटेत बावखल होतं.

दादा त्या दिवसांत मुंबईला इस्पितळात होता. पोटाचं ऑपरेशन, वैनी त्याच्याजवळ. मी पाडकामाचा राडारोडा मागवला. ट्रक आले, दिवसाढवळ्या आले, आणि बावखल बुजलं. पाहणाऱ्यांना वाटलं, दोघा भावांनी मिळून ठरवलं असेल. दादा बरा होऊन आला तेव्हा त्या जागेवर टँकर उभा होता. तो त्याच्याभोवती फिरला, ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा असते तर तुला आत पुरलं असतं." मी हसलो. वाटलं, नव्या गोष्टींचा याला राग आहे.

पुढच्या उन्हाळ्यांत विहीर खारी झाली. आधी चहा फाटायला लागला, मग दादाच्या पानवेली करपल्या, मग शेजारच्यांच्या विहिरींचीही चव बदलली. लोक चिडले. देवळाच्या मंडपात सगळे जमले आणि विचारलं गेलं, बावखल कुणी बुजवलं, कुणाच्या सांगण्यावरून? मी उभा राहिलो. टँकरचं नाव घेतलं नाही. म्हणालो, "दादाने इस्पितळातून निरोप पाठवला होता, डास फार झालेत, बुजवून टाक." दादा डासांवरून कुरकुर करायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं रचताना मी त्यात तेवढं खरं घातलं होतं.

दादा ताडकन उठला. "मी निरोप दिला नव्हता!" तो तापट माणूस. त्याचा आवाज चढला, तोंडातून थुंकी उडाली, पुढचे शब्द अडकले. मी शांत उभा होतो, शर्ट खोचलेला. कुणीतरी मागून म्हणालं, "गुंगीत दिला असशील रे!" मंडप हसला. तुमच्यातले काही जण त्यात होते. मला तुमची नावं आठवतात, ती इथे लिहीत नाही. तुम्हाला स्वतःला आठवत असेलच.

त्यानंतर मी माझा हिस्सा विकला आणि चंदनसारला फ्लॅट घेतला. टँकर जिथे जिथे जायचे त्यांतल्याच एका कामावरची ही इमारत. म्हणजे ज्या भिंतींत मी इतकी वर्षं राहतोय त्यांचा माल आमच्याच विहिरीच्या गोड्या पाण्याने कालवलेला आहे. दादा मागे राहिला. पानवेलीवर वाढलेला माणूस वसईतल्या एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर खुर्ची टाकून बसू लागला. घराण्यात एक वाक्य रूढ झालं: थोरल्याला वाडी राखता आली नाही, धाकट्याने वेळेवर डोळे उघडले. लग्नामुंजीत ते माझ्यासमोर बोललं जायचं. मी पुढचा घास घ्यायचो. दादा गेला तेव्हाही मी लोकांसारखा गेलो आणि लोकांसारखा परत आलो.

हे असंच माझ्याबरोबर संपलं असतं. पण माझी नात गार्गी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि तिने प्रोजेक्टसाठी सांडोरच्या विहिरी निवडल्या. विहिरीत सेन्सर सोडायचे, पाण्याचा खारेपणा मोजायचा, तो आकडा मोबाइलवर येणार, आणि पुढे काय होईल ते कॉम्प्युटर सांगणार. तिच्या डोळ्यांत मला माझा पंप दिसला. तेच तेज. मी तिला टोचून म्हणालो, "यंत्र विहिरीत सोडणं सोपं असतं. मीही सोडलं होतं." तिला ती थट्टा वाटली.

तिने रिपोर्टचा पहिला मसुदा मला वाचायला दिला. सुरुवातीची पानं एआयकडून लिहून घेतली होती. भाषा अशी की कुठे अडखळायला होत नाही. त्यात घराण्यातली कहाणीही होती, तिने यंत्राला सांगितलेली: स्थानिक शेतकऱ्याने अज्ञानापोटी, डासांच्या त्रासामुळे, पारंपरिक जलसाठा नष्ट केला. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. मंडपात मी असाच बोललो होतो, शर्ट खोचून.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याभोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'कशावरून?' गार्गी वैतागून माझ्याकडे आली. "आजोबा, लिहायचं कसं तेच कळत नाही. प्रत्येक वाक्याला म्हणे आधार पाहिजे. जेवढं माहीत आहे तेवढंच लिही, एक शब्द जास्त नको. यंत्राने लिहिलं म्हटलं तर म्हणतात, यंत्र तिथे होतं का? आजोबा, तुम्ही तिथे होता ना? मग तुमचं नाव टाकते. मुलाखत म्हणून. चालेल?"

मी म्हणालो, चालेल. पुन्हा वाचा. या वयात, नातीसमोर, मी म्हणालो, चालेल.

बाईंनी तेही चालवून घेतलं नाही. ज्याचा संबंध आहे अशा एकाच माणसाच्या सांगण्यावर भागत नाही, दुसऱ्या बाजूला विचार, म्हणाल्या. मग गार्गी सांडोरला वैनीकडे गेली. आमच्या घरातून वैनीला काही विचारायला तिच्याआधी कुणीच गेलं नव्हतं. परत आली ती थेट लिहायला बसली. चार दिवसांनी नवा मसुदा माझ्या हातात दिला. यंत्राची भाषा गेली होती. तिची स्वतःची होती, खडबडीत, जपून टाकलेली. त्यात लिहिलं होतं: बावखल कुणाच्या सांगण्यावरून बुजवलं गेलं याबाबत दोन कथनं मिळतात. धाकट्या भावाच्या म्हणण्यानुसार थोरल्याने निरोप पाठवला होता. थोरल्याच्या पत्नीच्या म्हणण्यानुसार असा निरोप दिला गेला नव्हता. तिचे पती अखेरपर्यंत हेच सांगत होते. यांपैकी कोणतं खरं हे उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही.

मला कुणी शिवी दिली असती तर मी शिवी परत केली असती. त्या पोरीने मला शिवी दिली नव्हती. माझं खोटं आणि मेलेल्या माणसाचं खरं तिने शेजारी शेजारी, सारख्या मापाचं, बसवलं होतं. तिला जेवढं माहीत होतं तेवढंच तिने लिहिलं होतं. उरलेलं ठाऊक असलेला माणूस चष्मा लावून ते वाचत होता.

"ठरवता येतं," मी म्हणालो. "मला ठाऊक आहे." आणि टँकरपासून सगळं सांगितलं. ती टाइप करत गेली. मध्येच थांबून एकदा म्हणाली, "म्हणजे मी थोरल्या आजोबांना अज्ञानी लिहिलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही ते वाचून चालेल म्हणालात." त्यानंतर ती माझ्याकडे न बघता टाइप करत राहिली. आजही पूर्वीसारखी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

माझा मुलगा समीर, तिचा बाप, धावत आला. "बाबा, खरं सांगितलंत, छान केलंत. पण नाव कशाला? 'एक स्थानिक रहिवासी' लिहू दे. ग्रुपवर काय तोंड दाखवणार?" मी त्याला म्हटलं, "दादाचं नाव इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडी होतं, तेव्हा तुला स्थानिक रहिवासी सुचला नाही." नाव राहिलं. कुणी बुजवलं, कशासाठी बुजवलं, आणि निरोपाचं खोटं कुणी सांगितलं, तिन्ही गोष्टी त्या रिपोर्टात आहेत.

मग मी वैनीकडे गेलो. तिने मला आत बोलावलं नाही. मी ओटीच्या पायरीवरून सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"हे मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी इस्पितळात त्यांच्या उशाशी होते. निरोप दिला की नाही ते मला नाही ठाऊक होय? जिथे हसलात तिथे सांग."

"वैनी, आता तिथले निम्मे लोक—"

"निम्मे आहेत ना? तेवढे पुरे."

म्हणून गेल्या रविवारी मी सांडोरच्या मंडपात उभा राहिलो आणि वर लिहिलंय ते जवळजवळ असंच बोललो. एकाने मध्येच म्हटलं, "जाऊ द्या हो काका, कशाला उकरून काढता? या वयात असं व्हायचंच." मी त्याला गप्प बसवलं. माझ्या वयाची कीव करून मला सोडवू पाहणाऱ्यांचा मला राग येतो. दादाला गुंगी चढवली होती, आता मला म्हातारपण चढवता? एकजण उठून गेला. बाकीचे खाली बघत बसले. वैनी शेवटच्या खांबाजवळ उभी होती. माझं संपल्यावर ती पुढे आली आणि लोकांना म्हणाली, "ऐकलंत? त्यांनी निरोप दिला नव्हता." तिने ते पुन्हा एकदा म्हटलं, दादाच्या आवाजाइतकं मोठ्याने. या वेळी कुणी हसलं नाही. मग ती निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि मी त्याची अपेक्षा ठेवून गेलोही नव्हतो.

गार्गीचा सेन्सर आमच्या विहिरीत अजून आहे. तिने माझ्या मोबाइलवर ते अॅप टाकून दिलंय. सकाळी चंदनसारच्या खिडकीशी बसून मी आकडा बघतो. खाराच असतो. बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना घर म्हटलं की काहीतरी गोड आठवतं. तुम्ही ते जरूर आठवा, पण त्यात दादाला दोष देणारं वाक्य आता चालणार नाही. मला घर म्हणजे तो आकडा. तो माझ्यामुळे तेवढा आहे, आणि आता ते गावाला ठाऊक आहे.

मंडपातून निघालो तेव्हा घशाला कोरड पडली होती. वैनीच्या घराकडे वळायचा मला हक्क नव्हता. तिच्याकडेही आता पाणी विकतच्या जारचं असतं. विहिरीपाशी उभा राहून मी पिशवीतून बाटली काढली, चंदनसारच्या नळाला भरून आणलेली, आणि बाबांच्या विहिरीकडे पाठ करून प्यायलो.