सूनबाईचं जहाज

आमची सूनबाई भूगोल शिकवते. शिकवते म्हणजे काय, वर्गाचं जहाजच करते! बाकं जोडून डेक, पडदे ओढून अंधार, मोबाइलवर लाटांचा आवाज. पोरं खलाशी, कुणी नकाशेवाला, कुणी आचारी. आणि नियम कडक: नांगर उचलला की बाई नुसती प्रवासी. हुकूम कप्तानाचा. "भरकटू देत, बुडू देत, मग वारे आपोआप पाठ होतात," म्हणते. मी पाटीवर घोकून शिकलेला माणूस; मला तर ऐकूनच पुन्हा शाळेत नाव घालावंसं वाटतं.

तिची लेक, म्हणजे माझी नात, परदेशात. बरीच वर्षं भेट नाही. सूनबाई बोलून दाखवत नाही, पण फोन वाजला की पिठाच्या हातांनी धावते.

परवा नात अचानक दारात! "आजोबा, ऑफिसच्या कामानं आलेय, लगेच विमानतळ गाठायचाय. आई कुठंय?"

तिच्याच भाड्याच्या गाडीतून तसाच तिला घेऊन शाळेत गेलो. वर्गाचं दार वाजवलं. ते बोटभर उघडलं आणि एक चिमुरडी वेणीवाली म्हणाली, "मी कप्तान. आत्ता दार उघडता येत नाही. वादळ आहे, पाणी आत येईल."

"अगं, ही तुमच्या बाईंची मुलगी!"

"आजोबा, तुम्ही आधी कशाला तरी धरा. वाहून जाल!"

फटीतून सूनबाईला लेक दिसली. ती ताडकन उठली. तिच्या एका शब्दावर जहाजाचा पुन्हा वर्ग झाला असता. पण बसली खाली. हात वर करून म्हणाली, "कप्तान, बाहेर माझी मुलगी आहे. काही करता येईल?"

आत खलबत सुरू. नात सारखी घड्याळ बघतेय. अखेर होडी सोडायचं ठरलं. एक बाक घासत बाहेर आलं, दोन खलाशी पट्ट्यांनी वल्हवत. नात बसली. मलाही ओढलं. "आजोबा जड आहेत, पण घ्या."

आत मायलेकी एका बाकावर खांद्याला खांदा लावून हेलकावे खात राहिल्या. बोलणं नाही. त्या लाटांत ऐकू तरी काय येणार? घंटा झाली तेव्हा बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

फाटकाशी सूनबाई म्हणाली, "पुढच्या वेळी सुट्टीच्या दिवशी ये गं. बोलता तरी येईल."

"नको. शाळेच्या दिवशीच येईन. घरी तू कधी अशी शेजारी बसतेस?"

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "चल, पुढचा तास असेल."

"हो, मामंजी," म्हणाली. पण तिचा पाय निघेना, आणि खरं सांगायचं तर माझाही.