अकरा वर्षांच्या लॅपटॉपचा नंबर

११ मार्चला काकांनी तीनशे साठ रुपये मोजून चिप वाचायची नवी क्लिप आणली आणि आपल्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन जे खुर्चीत टेकले, ते बराच वेळ उठलेच नाहीत. एकतीस वर्षं टेबलावर वाकून दुरुस्त्या करणाऱ्या त्यांच्या मानेला आता वर यायचं जिवावर येई. बायको दर आठवड्याला म्हणे, "बंद करा ते दुकान." काका दर आठवड्याला म्हणत, "बघू."

समोर भरतकामवालीचा अकरा वर्षांचा लॅपटॉप उघडून ठेवला होता. फर्मवेअरचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट अर्ध्यात तुटलं होतं. बटण दाबलं की पंखा फिरे, पडदा मात्र काळा ठिक्कर.

"नवाच घे ना," काका तिला म्हणाले होते.

"काका, भरतकामाच्या मशीनचं सॉफ्टवेअर ह्याच लॅपटॉपच्या नंबरवर चालतं. विकणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला. नंबर गेला की मशीन म्हणजे नुसतं लोखंड. आणि सोमवारी शाळेचे चारशे बिल्ले द्यायचेत."

"बंद कसा पडला?"

"आपोआप. चार्जर लावलेला होता, बॅटरी नव्वद टक्के दाखवत होती."

नंबर होता बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपमध्ये, अगदी शेवटच्या भागात. चिप पुसून नवं फर्मवेअर भरणं सोपं होतं, पण त्यात नंबरही पुसला गेला असता. म्हणून आधी आतला मजकूर उतरवून घ्यायचा. काकांचा नियम असा, की दोन वाचनं तंतोतंत जुळल्याशिवाय चिप पुसायची नाही. एका वाचनाला सहा मिनिटं. दुपारपर्यंत तीन झाली, तिन्ही वेगळी. मुळात अपडेटनं तो शेवटचा भाग आधीच खाल्ला असेल, तर हे सगळं पाण्यात.

तेवढ्यात भरतकामवालीची सासू दारात आली.

"भाऊ, सूनबाई नाही ना इथे?"

"नाही. बसा."

त्या बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "चार्जरचं भिंतीवरचं बटण मी बंद केलं. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची सवय आहे माझी. लाल दिवा दिसला की हात जातोच. चप्पल घालेपर्यंत लॅपटॉप विझला."

"बॅटरी नव्वद दाखवत होती ना?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"जुनी बॅटरी हो. बोलते नव्वद, दम नवाचा."

"म्हणजे माझ्यासारखीच म्हणा."

काका दमलेलं हसले. मग एकदम सरळ बसले. "पडद्यावर एक पट्टी भरत होती. कितपत भरली होती, आठवतंय?"

सासूबाईंनी हात पुढे केला आणि मनगटापासून वर बोट नेलं. "ही पूर्ण पट्टी धरा. इथपर्यंत." बोट कोपराच्या बरंच अलीकडे थांबलं.

अपडेट सुरुवातीपासून लिहीत जातं, म्हणजे शेवटचा भाग शाबूत असणार. काकांनी भिंग लावून चिपचे पाय पाहिले. जुन्या लेपाचा पापुद्रा होता, क्लिप नीट चावतच नव्हती. स्पिरिटनं पाय घासले. चौथं वाचन, पाचवं वाचन. जुळली. शेवटी नंबरही दिसला. मग नवं फर्मवेअर भरलं, त्यात तो नंबर आकडा न् आकडा ताडून बसवला. लॅपटॉप सुरू झाला तेव्हा काकांची मान इतकी आखडली होती, की पडदा त्यांनी तिरक्या नजरेनंच पाहिला.

पाचला भरतकामवाली आली, तेव्हा सासूबाई तिथेच बसून होत्या. सॉफ्टवेअर उघडून तिनं बिल्ल्याची नक्षी पडद्यावर आणली आणि स्टूल ओढून बसली.

"झालं होतं काय, काका?"

"वीज तुटली मध्येच."

"त्या दिवशी तर वीज गेलीच नव्हती."

काका स्क्रू मोजू लागले. सासूबाईंनी बटवा काढला.

"आई, तुम्ही कशाला देताय?"

"बटण मी बंद केलं म्हणून. बोल आता काय बोलायचं ते."

सुनेनं लॅपटॉप मिटला. "घरी बोलू," म्हणाली. "आधी बिल्ले."

बिल नऊशे झालं. बटव्यात साडेसातशे निघाले. सून पर्स उघडायला लागली, तर सासूबाईंनी तिचा हात धरला. "राहिलेलेही मीच देईन, भाऊ."

बिल्ले सोमवारी गेले. काकांनी आठवडाभर मानेला पट्टा लावला. दीडशे रुपये अजून यायचे आहेत.