मनकर्णेनं घासलेलं चाक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अमरावतीच्या परकोटाबाहेरच्या कापसाच्या कारखान्यात चौदा बाया उन्हात उभ्या होत्या आणि पंधरावीला भगवंतराव दिवाणजी सगळ्यांदेखत विचारत होते, "इंजिनाले हात लावाचा हुकूम तुले कोनं देल्ला?"

"तुमीच देल्ला," मनकर्णा म्हणाली.

साल १८६४. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाच्या कापसाकडे डोळे लावून बसलेल्या. कापसातून सरकी काढायचे रेचे हातानं फिरवून पुरं पडेना, म्हणून मालकांनी वाफेचं इंजिन आणलं. रेल्वे जिथवर आली होती तिथून पुढे वीस जोड्या बैलांनी ते ओढत आणलं होतं. ते चालवायला नत्थुजी मिस्त्री आणि कापसातला काडीकचरा वेचायला या पंधरा बाया.

मनकर्णा फुलमाळीण. पहाटे झेंडू-शेवंती तोडून देवीच्या दारात हार विकायची आणि ऊन चढायच्या आत कारखान्यात हजर व्हायची. हारांच्या दोऱ्याची गुंडी कायम कमरेला. दिवाणजींच्या तोंडावर बोलणारी ती एकटीच. बाकीच्या चौदा मनातल्या मनात बोलायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी याच दिवाणजींनी तिला हाक मारली होती. "मनकर्णे, उद्या मालक येतीन पूजेले. चाक असं घास, का त्यायले आपलं पागोटं दिसलं पाह्यजे त्यात!"

माणसापेक्षा उंच लोखंडी चाक. चिंच आणि राख घेऊन ती सकाळपासून घासत होती. चाकाच्या कडेवर शेंदराची एक पुसटलेली रेघ होती. गेल्या पूजेची असेल! लोखंडावर शेंदूर दिसला तर वऱ्हाडात दुसरं काय समजायचं? तिनं ती घासून काढली आणि दसऱ्याला ताज्या शेंदराची पाच बोटं ओढली. मालकांना पागोटं दिसलं. दिवाणजी "वा!" म्हणाले.

ती रेघ पूजेची नव्हती.

"माही खूण होती ती," नत्थुजी मिस्त्री कपाळाला हात लावून सांगत होता. "दट्ट्या नळकांड्यात पार टोकाले जाते, त्या घडीले चाकाची जी जागा या जमिनीतल्या खुंटीसमोर येते, थे. तिच्यावरून वाफेचं दार बसवतेत. दार लय लवकर उघडलं तं वाफ दट्ट्याले आडवी येते. उशिरा उघडलं तं जोर वाया. सफाईले म्या थे दार खोललं, आता बसवतो तं खूणच नाई!"

"शेंदराची काहून केली मंग?"

"तेलातला शेंदूर लोखंडावर पक्का बसते, बाई."

"अन् मले सांगतलं कोनं?"

नत्थुजीनं खाली पाहिलं. "कोनीच नाई."

खरं बोलला, पण हळू बोलला. दिवाणजी खोटं बोलत होते आणि अख्ख्या आवाराला ऐकू जात होतं. "बाईचा हात लागला अन् इंजिन बसलं! आजपासून एकबी बाई या उंबऱ्याच्या आत नाई. साहेब अकोल्याहून आले का त्यायलेबी मी हेच सांगीन."

इंजिन बसवून देणारा गोरा साहेब अकोल्याला असंच दुसरं बसवायला गेलेला. गाडीवाटेनं तीन दिवस. म्हणजे तीन दिवसांत मनकर्णेच्या नावावर इंजिन बिघडवल्याचा शिक्का आणि पंधरा बाया कायमच्या घरी.

"तुह्या चिंचेपायी वो माय," तानुबाई फणकारली, "आमच्या साऱ्यायच्या चुली इझल्या!"

"चिंचेपायी? घासाले बाई चालते, घाम गाळाले बाई चालते, अन् बिघडलं का बाईचा हात!" मनकर्णेचा आवाज चिरकला. "काल तं हाच हात गोड लागत होता!"

दिवाणजींनी पाठ फिरवली.

आत नत्थुजीनं अंदाजानं दार बसवलं आणि वाफ सोडली. आतून कोणी घण मारावा तसा आवाज झाला, अख्खी शेड हादरली. बंद. मग चार गडी हातानं चाक फिरवू लागले आणि नत्थुजी दट्ट्याच्या दांड्याला डोळा लावून बसला. दांडा सरकत सरकत टोकाला आला, थांबला.

"हं! हीच!"

गडी अजून चाक ढकलतच होते. चाक चांगलं वीतभर फिरलं, तरी दांडा जागचा हलला नाही.

"थांबते तं खरं," नत्थुजी वैतागला, "पन थांबते किती येळ! त्यातली नेमकी जागा कोनती?"

मनकर्णा उंबऱ्याबाहेरून पाहत होती. तिला राहवेना. "थांबल्यावर काय पाह्यता जी? जातानी पाहा. अन् येतानी पाहा."

"म्हंजे?"

"हाराची मधली जागा आमी मधात पाहून काढतो का? दोन टोकं एका हाती धरतो, खाली लोंबते थे मधली जागा."

नत्थुजीनं तिला हातानं जवळ बोलावलं. दिवाणजी धावले. "खबरदार पाय आत टाकला तं!"

"नाई टाकत. पन आवाज आत जाते ना? का त्यालेबी हुकूम लागते?"

बाया फिसकन हसल्या. तानुबाईसुद्धा.

मग मनकर्णेनं उंबऱ्यावरून सांगितलं आणि नत्थुजीनं केलं. दांडा टोकाला पोचायच्या चार बोटं आधी त्याच्या वाटेवर कोळशानं रेघ मारली. दांडा तिथे आल्याबरोबर, खुंटीसमोर चाकाच्या कडेवर चुन्याचा ठिपका. "फिरवा रे! थांबू नका!" दांडा टोकाला गेला, रेंगाळला, मागे वळला आणि त्याच कोळशाच्या रेघेवर आला. "धरा!" खुंटीसमोर दुसरा ठिपका.

"आता दोन्ही ठिपक्यांवरून दोरा घ्या," म्हणत मनकर्णेनं कमरेची गुंडी सोडून आत फेकली.

नत्थुजीनं चाकाच्या कडेनं दोरा ताणला, मोजून तोडला, दुमडून निम्मा केला आणि चाकावर मधोमध खूण केली. मन मानेना म्हणून कोळशाची रेघ दुसऱ्या जागी मारून सगळं पुन्हा केलं. मध्य तिथेच आला. खूण खुंटीसमोर आणून त्यानं वाफेचं दार बसवलं, केसाइतकं उघडं. वाफ सोडली. इंजिन असं चाललं की रेच्यांच्या आवाजात दिवाणजींचा सुस्कारा बुडाला.

"सापडली एकदाची साहेबाची खूण!" ते म्हणाले. "चाला वो बायाहो, आत चाला. कापूस पडून हाय."

बाया निघाल्या. मनकर्णा मात्र उंबऱ्यावर आडवी बसली. कुणाला आत जाता येईना.

"साहेबाची? साहेब अकोल्याले बसून दोरा दुमडला का? सकाळी साऱ्यायदेखत बोलले ना? आताबी साऱ्यायदेखत बोला."

"काय बोलू?"

"चाक घासाले तुमी सांगतलं. खुणेचं सांगतलं नाई."

दिवाणजींनी पागोटं सारखं केलं. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले.

"आयकू नाई आलं," तानुबाई मागून म्हणाली.

"म्या सांगतलं घासाले!" दिवाणजी ओरडले. "खुणेचं राहून गेलं! झालं?"

"झालं. पन अजून उठत नाई. नत्थुजी, आधी छिन्नी आना."

नत्थुजीनं खुणेवर खाच पाडली. शेवटचा घाव पडेपर्यंत ती उंबऱ्यावरून हलली नाही.

पुढच्या दसऱ्याला दिवाणजी स्वतः चिंचेचं टोपलं घेऊन आले. मनकर्णेनं मूठभर चिंच घेतली, सगळ्यात आधी त्या खाचेवरच खसाखसा घासली आणि त्यांना जवळ बोलावलं.

"पाहा जी. जाते का?"